समासातली जागा

पोथीच्या कडेला सोडलेल्या कोऱ्या पट्टीला समास म्हणतात. तीच पट्टी आज संगणकाच्या पडद्यावर मजकुराच्या शेजारी उभी असते. तिच्यात काय ठेवावे आणि काय हलवावे, हे सांगण्याचा हक्क वाचकालाही आहे. मात्र सूचना करण्याची एक रीत असते आणि ती रीत आपल्याकडे जुनी आहे.

काशीत पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून वर गेले की गल्ल्यांचे जाळे सुरू होते. समोरून कोणी आले तर एकाने भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, एवढीच त्यांची रुंदी. या गल्ल्यांत मंगला गौरीचे देऊळ आहे. काशीच्या नवगौरी यात्रेत हिचा क्रम आठवा, आणि चैत्र शुद्ध अष्टमीला हिच्या दर्शनाचा मान. याच आवारात गभस्तीश्वराची पिंडी आहे आणि काशीच्या बारा आदित्यांपैकी मयूखादित्यही आहे. ‘गभस्ती’ आणि ‘मयूख’ या दोन्ही शब्दांचा अर्थ किरण. सूर्याने येथे तप केले, अशी काशीखंडातली कथा आहे. जवळच बालाजीचे मंदिर आहे, जिथे उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी तरुणपणी सनईचा रियाज केला.

मराठी माणसाला हा भाग परका नाही. पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. बिंदुमाधवाच्या देवळाला औंधच्या पंतप्रतिनिधींचा आश्रय मिळाला. पंचगंगेवरची दगडी दीपमाळ अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ओळखली जाते. आणि श्रावणातल्या मंगळवारी नव्या सुनेला मंगळागौरीच्या पूजेला बसवणाऱ्या घरातले कोणी काशीला गेले, की या देवीचे दर्शन घेतल्याशिवाय त्यांचे पाऊल परत फिरत नाही.

पण नवख्या माणसाला हे देऊळ सापडते कसे? गल्लीच्या तोंडाशी उभे राहून कळस दिसत नाही, कारण उंच घरांनी आभाळ झाकलेले असते. सापडते ते भिंतीच्या आधाराने. कोपऱ्यावरच्या भिंतीवर कोणीतरी रंगाने देवाचे नाव लिहून पुढे बाण काढलेला असतो. दारांवर घरांचे क्रमांक असतात आणि त्यांच्या आधी विभागाचे अक्षर असते. ‘के’ म्हणजे कोतवाली, ‘डी’ म्हणजे दशाश्वमेध. ही अक्षरे आणि हे बाण कुणी पाहायला म्हणून येत नाही. पण ते पुसले गेले तर यात्रेकरू गंगेपर्यंत जाईल आणि गौरीला न भेटताच परत फिरेल.

पडद्यावरच्या पानाच्या कडेला जी पट्टी असते, तिचे काम नेमके हेच आहे. इंग्रजीत तिला साइडबार म्हणतात, मराठीत बाजूपट्टी म्हणू या. वाचक येतो तो मधल्या मजकुरासाठी. पण पुढे कुठे जायचे, मागे कसे यायचे, मदत कुणाला विचारायची, हे त्याला ती पट्टी सांगते.

पोथीतली बाजूपट्टी

ही कल्पना संगणकाबरोबर आलेली नाही. जुनी हस्तलिखित पोथी उघडून पाहिली, तर चारही बाजूंना मोकळी जागा सोडलेली दिसते. डाव्या समासात वरच्या अंगाला ग्रंथाचे नाव एकदोन अक्षरांत लिहिलेले असते आणि पानाचा आकडा असतो. पोथीची पाने सुटी असल्यामुळे ती वाऱ्याने उडाली, तर पुन्हा लावायची कशी? त्यासाठी ही सोय.

काही पोथ्यांत मूळ ग्रंथ मोठ्या अक्षरांत मधोमध असतो आणि टीका वर व खाली बारीक अक्षरांत लिहिलेली असते. तिला त्रिपाठी मांडणी म्हणतात. डाव्याउजव्या समासांतही मजकूर आला की पंचपाठी. मधले मूळ वाचता वाचता डोळा सहज बाजूला वळावा आणि अर्थ सापडावा, हा हेतू. आज पडद्यावरची पट्टी हेच करते, तेव्हा ती पंचपाठी पोथीची नातच म्हणायला हरकत नाही.

समास दुरुस्तीसाठीही होता. लिहिताना एखादे अक्षर राहिले, तर ओळीत काकपदाची खूण करून ते अक्षर समासात लिहीत. चुकीचे अक्षर झाकायला त्यावर पिवळ्या हरताळाचा लेप देत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आपल्या बोलण्यात आला. नकलून काढणारे शेवटी नम्रपणे लिहून ठेवीत, की समोर जसे दिसले तसे उतरवले आहे. शुद्ध-अशुद्ध काही राहिले असेल तर दोष देऊ नये. म्हणजे पोथी लिहून झाली तरी पुरी झाली असे कोणी मानत नसे. पुढचा वाचक ती सुधारील, हे गृहीतच होते.

नाथांचे दोन धडे

या सुधारण्यातही धोका असतो. एकाने समासात लिहिलेली टीप दुसऱ्याने नक्कल करताना मूळ मजकूर समजून ओळीत घ्यायची, तिसऱ्याने त्यात आपली भर घालायची, असे होत होत ग्रंथाचे रूप बदलते. ज्ञानेश्वरीच्या वाट्याला हेच आले. ज्ञानदेवांनी ती शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये सांगितली. पुढच्या तीनशे वर्षांत तिच्या प्रतींमध्ये पाठभेद शिरले, पदरच्या ओव्या शिरल्या.

पैठणच्या एकनाथांनी ते काम हाती घेतले. या नाथांचे आणि काशीचे नाते जवळचे. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची त्यांची मराठी टीका, म्हणजे एकनाथी भागवत, काशीतच शके १४९५ मध्ये (इ.स. १५७३) कार्तिकी पौर्णिमेला पुरी झाली. भागवत मराठीत आणल्याबद्दल काशीच्या काही पंडितांनी आधी आक्षेप घेतला आणि पुढे त्याच ग्रंथाचा गौरव झाला, अशी परंपरेने आलेली कथा आहे. त्यानंतर अकरा वर्षांनी, शके १५०६ मध्ये, नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. भाद्रपद वद्य षष्ठीला ज्ञानेश्वरी जयंती पाळतात, ती त्या कामाच्या पूर्ततेची तिथी.

ती प्रत संपवताना नाथांनी एक इशारा दिला. या ग्रंथात यापुढे कोणी स्वतःची ओवी घालील, तर ते अमृताने भरलेल्या ताटात करवंटी ठेवण्यासारखे होईल, असे त्यांनी बजावले.

नाथांनी दोन्ही गोष्टी केल्या, हे येथे लक्षात घ्यायला हवे. जे बिघडले होते ते त्यांनी पारखून सुधारले आणि सुधारल्यावर मनमानीला दार लावले. सर्वांच्या मालकीच्या कुठल्याही पानाला हे दोन्ही लागते. सुधारणा नको म्हटले तर चूक कायम राहते, आणि ज्याला वाटेल त्याने वाटेल ते घालावे म्हटले तर पानच राहत नाही.

चावडीवर ठरणारी पट्टी

अशा सर्वांच्या मालकीच्या पानाचे आजचे सर्वांत ठळक मराठी उदाहरण म्हणजे मराठी विकिपीडिया. मूळ इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला आणि मराठी १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर. आज त्यातल्या लेखांची संख्या लाखाच्या आसपास आहे. ते लिहिणारी माणसे पगारी नाहीत. कोणी शिक्षक, कोणी विद्यार्थी, कोणी निवृत्त कारकून. ज्याला जमेल तसे तो लिहितो आणि दुसरा दुरुस्त करतो.

या ज्ञानकोशाच्या बाजूपट्टीत वर्षानुवर्षे दिसत आलेली नावे वाचण्यासारखी आहेत. ‘मुखपृष्ठ’ आणि ‘अलीकडील बदल’ ही समजायला सोपी. ‘धूळपाटी’ हा शब्द तर फार गोड. पूर्वी मुले पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवीत आणि हाताने पुसून टाकीत. विकिपीडियावर नवा माणूस जिथे लिहून बघतो, चुकतो, पुसतो, त्या पानाला हे नाव दिले आहे. पण त्याच यादीत ‘अविशिष्ट लेख’ असेही एक नाव आहे. त्यावर बोट ठेवले की ज्ञानकोशातला कुठलाही एक लेख उघडतो. खेळ म्हणून मुलांना तो फार आवडेल. पण ‘अविशिष्ट’ शब्द वाचून किती मुले तिथे बोट ठेवतील? त्याऐवजी ‘कोणताही एक लेख’ असे म्हटले तर? हीच बाजूपट्टीसाठी केलेली एक सूचना झाली.

ही सूचना करायची कुठे? त्यासाठी संगणकशास्त्र यायला नको. मराठी विकिपीडियावर चर्चेची जागा आहे आणि तिचे नाव आहे ‘चावडी’. सर्वांना दिसणाऱ्या पट्टीतली यादी प्रत्यक्ष बदलण्याचा अधिकार मात्र प्रचालक म्हणून निवडलेल्या मोजक्या सदस्यांनाच असतो. लेख कोणीही सुधारू शकतो, पण पट्टी चावडीवर बोलून बदलायची. गल्लीतला बाण ज्याच्या त्याच्या मर्जीने फिरू लागला, तर वाटसरू चकणारच.

स्वतःपुरता बदल ज्याचा त्याला करता येतो. खाते उघडलेला वाचक ‘माझ्या पसंती’ या पानावर जाऊन मांडणीचे रूप निवडू शकतो. नवे पसंत नसेल तर जुने परत घेऊ शकतो. ज्याला थोडे तंत्र येते, तो आपल्यापुरती पट्टीतली नावे लपवू किंवा वाढवू शकतो. घरातल्या मांडणीसारखेच आहे हे. आपल्या खोलीतले कपाट आपण हवे तसे लावावे, पण स्वयंपाकघरात चहा-साखरेचे डबे सर्वांच्या हाताला येतील असेच ठेवावे लागतात. पाहुणा आला तर त्यालाही ते सापडले पाहिजेत. विकिपीडिया उघडणाऱ्या बहुतेकांचे तिथे खाते नसते. ते सारे पाहुणेच. म्हणून सर्वांसाठीची मूळ मांडणी कशी असावी, याचे महत्त्व अधिक.

शंभरात एक

पट्टीतली एक लहानशी यादी हलली तर एवढे काय बिघडते? २०१० साली घडलेली हकीकत याचे उत्तर देते.

त्या काळी इंग्रजी विकिपीडियाच्या प्रत्येक पानाच्या डाव्या पट्टीत, अगदी खाली, हाच विषय आणखी कोणत्या भाषांत वाचायला मिळेल याची यादी असे. प्रत्येक भाषेचे नाव तिच्या स्वतःच्या लिपीत. मे २०१० मध्ये पानाची नवी मांडणी आली, तेव्हा तज्ज्ञांनी ही यादी मिटून ठेवली. त्यांच्याकडे कारण होते. त्यांनी मोजणी केली होती आणि शंभरातला एक वाचकसुद्धा त्या यादीला हात लावत नाही, असे त्यांना दिसले होते. मग एवढी जागा कशाला अडवायची? पट्टी आटोपशीर झाली, दिसायलाही बरी झाली.

वापरणाऱ्यांनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे, की ही यादी दाबली किती जाते यावर तिची किंमत ठरवू नका. ती नुसती दिसते, यातच तिचे काम आहे. हा ज्ञानकोश एकट्या इंग्रजीचा नाही, हे ती प्रत्येक वाचकाला न बोलता सांगते. आणि ज्याला आपली भाषा हवी असते, त्याला मिटलेल्या यादीत ती आहे हे कळणार तरी कसे? चर्चा झाली आणि काही आठवड्यांतच यादी पुन्हा उघडी ठेवण्यात आली.

मराठी घराच्या दृष्टीने याचा अर्थ काय? इंग्रजी शाळेत जाणारी नात प्रकल्पासाठी इंग्रजी पान उघडून बसली आहे. पट्टीत तिला देवनागरीत ‘मराठी’ हा शब्द दिसतो. शंभरदा ती त्याकडे पाहून पुढे जाईल. एकशेएकाव्या वेळी, आजी शेजारी बसलेली असताना, ती त्यावर बोट ठेवील आणि आजीला तोच विषय वाचून दाखवील. आकड्यांच्या हिशेबात हे शंभरात एकच. पण त्या एका वेळेसाठी तो शब्द तिथे असावा लागतो. इंग्रजीला अशा पाटीची गरज नाही, ती सगळीकडे दिसतेच. ज्या भाषांचा पडद्यावरचा वावर थोडा, त्यांना समासातली ही दोन बोटे जागाही मोठी असते.

गोष्ट तिथे संपली नाही. जानेवारी २०२३ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने पुन्हा नवी मांडणी स्वीकारली. डावीकडची मुख्य यादी मिटवता येऊ लागली, लेखाची अनुक्रमणिका पट्टीत आली, आणि भाषांची यादी पट्टीतून निघून लेखाच्या शीर्षकाच्या ओळीत एका बटणामागे गेली. बटण वर आले म्हणून ते लवकर सापडते, असे काहींचे म्हणणे. पण त्यावर भाषांची संख्या दिसते, त्यांची नावे बटण दाबल्यावर उघडतात. मोबाइलवर तर सारी पट्टीच तीन आडव्या रेघांमागे लपलेली असते. म्हणजे ‘मराठी’ हा शब्द कुठे आणि किती दिसावा, हा प्रश्न अजून उघडाच आहे.

सूचना कशी करावी

‘हे काही बरोबर नाही’ एवढे म्हणून थांबले, तर ती तक्रार झाली. सूचना करायची तर थोडा विचार लागतो.

पहिली गोष्ट, अडचण कुणाची हे सांगावे. ‘पट्टी वाईट आहे’ असे म्हटले तर कोणाला काही करता येत नाही. ‘साठी उलटलेल्या वाचकाला बारीक अक्षर दिसत नाही आणि अक्षर मोठे करण्याची सोय कुठे आहे ते सापडत नाही’ असे म्हटले, की ऐकणाऱ्याला काय करायचे ते समजते.

दुसरी, एका वेळी एकच बदल सुचवावा. दहा सूचना एकत्र केल्या की नवव्यावर भांडण होते आणि पहिल्या आठ त्यात वाहून जातात.

तिसरी, वाचणाऱ्याची आणि काम करणाऱ्याची गरज वेगळी असते हे लक्षात ठेवावे. ‘संचिका चढवा’, ‘विशेष पृष्ठे’ ही लिहिणाऱ्यांची अवजारे. ‘मुखपृष्ठ’, ‘साहाय्य’ ही येणाऱ्या-जाणाऱ्यांची. दोन्ही एका यादीत कोंबली तर पाहुणा गोंधळतो. वेगळ्या मथळ्यांखाली ठेवली तर दोघांचीही सोय होते.

चौथी, शब्द बोलीतले सुचवावेत, पण रुळलेला चांगला शब्द उगाच बदलू नये. ‘धूळपाटी’ बदलून तिथे इंग्रजी शब्द बसवला, तर ती सुधारणा म्हणता येणार नाही.

पाचवी, काढण्याच्या आधी पाहावे की ती गोष्ट तिथे का ठेवली असेल. भाषांच्या यादीची हकीकत याच कारणासाठी लक्षात ठेवायची.

आणि शेवटची, सूचना मान्य झाली नाही तर रागावू नये. पोथीवर फासलेल्या हरताळाखालचे अक्षर पुन्हा वाचणे अवघड असे. विकिपीडियावर प्रत्येक बदलाची जुनी प्रत ‘इतिहास’ या नावाखाली जपलेली असते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, तेव्हाही हाच मार्ग धरला होता. १९१९ मध्ये सुरू झालेले आणि १९६६ मध्ये पुरे झालेले ते काम. शेकडो हस्तलिखिते ताडून एक पाठ वर छापला, आणि बाकीचे पाठ टाकून न देता त्याच पानाच्या तळाशी दिले. आज जे तळाशी गेले आहे, ते उद्याच्या अभ्यासकाला वर घ्यावेसे वाटेल, ही शक्यता त्यांनी मोकळी ठेवली.

बाण कुणी काढला?

‘मंगला गौरी’ हे नाव शोधणाऱ्यालाच आज वाट दाखवण्याची गरज आहे. काशीचे देऊळ एक, गयेचे प्रसिद्ध शक्तिपीठ दुसरे, आणि श्रावणातले मंगळागौरीचे व्रत तिसरे. पुण्यात पूजेची तयारी करणाऱ्या मुलीला फुगड्या-झिम्म्यांची माहिती हवी असते. काशीला निघालेल्या तिच्या सासूबाईंना पंचगंगेवरून देवळाकडे जाणारी गल्ली हवी असते. दोघी एकच नाव लिहितात. ‘तुम्हाला यांपैकी काय हवे आहे?’ असे विचारणाऱ्या तीन ओळी पानाच्या कडेला असल्या, तर दोघी आपापल्या ठिकाणी पोचतील. असे काम कोणीही वाचक सुचवू शकतो. त्यासाठी पंडित असावे लागत नाही, तंत्रज्ञही नाही. एकदा वाट चुकलेला असावा, म्हणजे पुरे.

पंचगंगेवरच्या त्या गल्लीत भिंतीवर बाण काढणाऱ्याने खाली आपले नाव लिहिलेले नसते. कदाचित त्याच्या दारात येऊन रोज कोणी ना कोणी ‘मंगला गौरी किधर?’ असे विचारत असेल. कंटाळून दार लावण्याऐवजी त्याने एक दिवस रंगाचा डबा उघडला असेल. पुढे कोणीतरी फिकट झालेल्या बाणावर पुन्हा रंग दिला असेल. त्या वाटेने देवीपर्यंत गेलेल्यांना या दोघांची नावे कधी कळणार नाहीत.